अर्धा ग्लास कॉफी

"थांबा की पावणं! गाडी दुसरी मिळंल, जीभ न्हाय मिळायची."

कोल्हापूरच्या एसटी स्टँडासमोर एका हॉटेलात कॉफी करणारा एक माणूस होता. रोज सकाळी तो गिऱ्हाइकांवर असा ओरडायचा. सत्तरच्या दशकात मी गारगोटीच्या शाळेत मास्तर होतो, रोज जाऊन-येऊन. तुमच्यापैकी कुणी तेव्हा सकाळची गाडी धरली असेल, तर त्याच्यावर चिडलाही असाल.

चिडण्यासारखंच होतं ते. जायफळाची कॉफी पातेल्यात रटरटत असायची आणि हा ती दोन पेल्यांत हातभर उंचीवरून खाली-वर करत बसायचा. निवल्याशिवाय ग्लास हातात देत नसे. गाडी लागली की लोक तळमळायचे.

"अरे, दे की बाबा!"

"तोंड भाजून घेता व्हय?" म्हणत तो आणखी एकदा ओतायचा. पण मग ती कॉफी घटाघट संपायची. ग्लासात काही उरत नसे.

हेच मालकाला खुपत होतं. फुटतात म्हणून त्यानं बशाही बंद केल्या होत्या. एकदा भर गर्दीत तो खेकसला, "गिऱ्हाइकं बोंबलत्यात. उकळती दे, झटक्यात दे."

"देतो की. पन लोकांचं उष्टं परत पातेल्यात वतनार न्हाय."

उकळती कॉफी, सुटणारी गाडी आणि मागं राहिलेला अर्धा ग्लास; सगळा हिशेब आम्हाला एकदम कळला. आता लोक मालकाची गचांडी धरणार, असं मला वाटलं.

मी म्हणालो, "बरोबर बोलतोय तो."

"मग ठिवा की तुमच्या शाळंत कामाला," मालक म्हणाला.

तेवढ्यात हॉर्न वाजला आणि सगळे गाडीकडे पळाले. कॉफीवाल्यानं खांद्यावरचं फडकं काढून काउंटरवर ठेवलं. "जावा मास्तर, गाडी जाईल," एवढंच म्हणाला. असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता.

दुसऱ्या दिवसापासून कॉफी झटक्यात मिळू लागली. लोक खूश झाले. हॉटेल सुधारलं, म्हणाले. ज्यांच्या तोंडासाठी त्यानं नोकरी घालवली, त्यांतल्या एकानंही तो कुठं गेला हे विचारलं नाही. मी विचारलं, तर मालक म्हणाला, "मलकापूरकडं गेला म्हणं." त्या लोकांचा मला अजून राग येतो.

एका थंडीत राहवलं नाही म्हणून मी तिथं कॉफी घेतली. पहिल्याच घोटाला जीभ पोळली, आणि गाडी हलली. उरलेली कॉफी मी पायरीखाली ओतली.

मालक गल्ल्यावरून ओरडला, "ओ मास्तर, सांडताय कशाला? ठिवा की तितंच!"