टेंभुर्णीच्या विहिरीवर छांदिष्ट

"सायेब, मारा की आता उडी! लई वेळ झाला."

विहिरीच्या काठावर जमलेल्या गर्दीतून कोणीतरी ओरडलं. मी पंचा नेसून उघड्या अंगाने कडेला उभा होतो. खाली हिरवंगार पाणी होतं. अडचण तशी लहानशीच होती. मला पोहता येत नव्हतं.

ही वेळ माझ्यावर माझ्याच लेखणीने आणली होती. त्या काळी मी सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका साप्ताहिकात नोकरीला होतो. जाहिराती कमी आल्या की शेवटच्या पानावर जागा मोकळी राहायची. तिला आम्ही छापखान्यात खड्डा म्हणत असू. तो बुजवायला झटपट मजकूर पुरवणं हे माझं काम. जाहिराती नेहमीच कमी यायच्या, त्यामुळे मला 'छांदिष्ट' या टोपणनावाने कायमचं सदरच मिळालं. दर आठवड्याला एक छंद. गुलाबाची कलमं, बासरी, पहाटेचं फिरणं. यातलं मी काहीही करत नसे. आमच्या माडीवरच्या खोलीत साधी तुळस एक उन्हाळा काढत नव्हती. बायको माझे लेख आवडीने वाचायची आणि म्हणायची, "हे गृहस्थ कोण आहेत हो? भले दिसतात."

पोहण्यावरचा लेख फार गाजला. विहिरीत सूर कसा मारावा, मुटका कसा मारावा, सगळं मी लिहिलं होतं. मुटका म्हणजे गुडघे पोटाशी आवळून मारलेली उडी. तिच्याने काठावरच्या लोकांनाही अंघोळ घडते. पाण्याचा पहिला गारवा अंगाला लागतो त्याचं वर्णन तर मी दोनदा केलं होतं. तेवढ्यात टेंभुर्णीचे भुसार दुकानदार बापूराव सोलापूरला आले आणि आमच्या संपादकांना भेटले. त्यांच्या दुकानात आमचा अंक मोठ्याने वाचला जायचा. एक अंक, ऐकणारे पंचवीस. बापूराव म्हणाले, छांदिष्टांना घेऊन या, आमच्या विहिरीत एक उडी दाखवा, मग घरटी वर्गणीदार करून देतो.

संपादकांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांनी मला बोलावलं.

"उद्याच्या मोटारीने टेंभुर्णीला जायचंय. पंचा घ्या."

"तात्या, जरा पडसं आहे."

"कागद महागलाय. वर्गणीदार मिळाले नाहीत तर एक पान कमी करणार. शेवटचं."

शेवटचं पान म्हणजे मी. माझं पडसं तिथल्या तिथे बरं झालं. मला पोहता येत नाही हे सांगायला तोंड उघडलं होतं, पण भीतीपेक्षा नोकरी जड भरली. वाटलं, ऐनवेळी काहीतरी सुचेल. लेखकाला ही एक वाईट सवय असते.

आणि सुचलं! काठावर उभा राहून मी गंभीरपणे म्हणालो, "उडीआधी डोळे मिटून मन स्थिर करावं लागतं."

"व्हय, तुमी लिवलंय तसं!" बापूराव म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांच्यामागे साऱ्या गावाने मिटले. माझं लिहिणं इतक्या मनापासून कोणी घेतलेलं मी प्रथमच पाहिलं. ऊर भरून आला. मग लक्षात आलं की पळायला याहून चांगली संधी मिळणार नाही. मी हळूच मागे वळलो. मागे तात्या उभे होते. त्यांचे डोळे सताड उघडे होते.

"मोटार संध्याकाळी आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

शेवटी मी हात जोडले. "मंडळी, मला पोहता येत नाही."

सगळे डोळे उघडले. बापूरावांनी विचारलं, "मंग त्यो मुटका?"

"ऐकून लिहिला."

"बासरी?"

"दुसऱ्याने वाजवलेली ऐकलीय."

गर्दीतून केरबा माळी पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडल्यासारखं दिसत होतं. "अन् ते गुलाबाच्या कलमास्नी गूळपानी घालायचं?"

मी मान खाली घातली. ती ओळ मी छापखान्याच्या पायरीवर बसून, चहा पिताना रचली होती.

"मुंग्यांनी खाल्ली की वो माजी सगळी कलमं!"

मला खरोखर लाज वाटली. लोक खोट्या मजकुराला हसतील एवढाच माझा हिशेब होता, कोणी त्यात गूळ घालेल असं वाटलं नव्हतं. मी केरबाची माफी मागितली. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मागे वळून हाक दिली, "अरं, पोरांचा भोपळा आना!"

आमच्याकडे पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधतात, म्हणजे ते बुडत नाही. त्यांनी तो माझ्या पाठीला बांधला, चौघांनी मला उचललं आणि सोडलं. गारव्याचं माझं वर्णन साफ चुकलं होतं. मी हातपाय झाडले, नाकातोंडात पाणी गेलं, देवाचं नाव घ्यायला गेलो तर तेही पाण्यातच गेलं. वर अख्खं गाव पोट धरून हसत होतं. केरबा तर खालीच बसला होता. त्याला हसताना पाहून मला पाण्यातही जरा बरं वाटलं.

संध्याकाळी बापूरावांनी घरटी वर्गणीदार करून दिले. अट एकच घातली, "आज झालं ते जसंच्या तसं छापा."

मी छापलं. त्या लेखाला जितकी पत्रं आली तितकी आधीच्या सगळ्यांना मिळून आली नव्हती. माझं पान वाचलं. मी खुशीत तात्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. वाटलं, आता पगारवाढीचं बोलतील.

तात्यांनी चष्मा काढला. "लोकांना तुमचे हाल आवडतात असं दिसतं. कुस्तीवर लिहिलंय कधी?"

"नाही."

"मग उद्या तालमीत जाऊन या. वस्तादांशी बोलणं झालंय."

पुढे कित्येक वर्षं मी ते सदर चालवलं. कुस्ती, घोडा, लेझीम, झाडावर चढणं, सगळं केलं, आणि खरं खरं लिहिलं. नव्या लेखकांना मी एवढंच सांगतो: छंद मनात असतो तोवरच छंद असतो. एकदा खरा छापून आला की त्याला हजेरी लावावी लागते, आणि वर मलमाचा खर्च आपलाच.