एका वाटीचा अंदाज

माझ्या हातच्या कंदुरीच्या रश्श्याचं जवळा बाजारच्या आसपास नाव आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत मला दम धरवत नाही. कुणाचा नवस फिटला, बकरं कापून कंदुरीचं गावजेवण घालायचं ठरलं, की मला निरोप येतो. कंदुरीच्या चुलीपाशी बायांचं काम नसतं, सगळं गड्यांनीच करायचं. नोकरीत होतो तेव्हा मी रजा टाकून जायचो. दोनशे माणसांचं मीठ नुसत्या वासावर टाकतो आणि ते चुकत नाही.

घरात मात्र मी पाण्याचा पेलासुद्धा हाक मारून मागायचो. बायको आल्यागेल्यासमोर म्हणायची, “आमच्या ह्यांना दोनशे माणसाचा रस्सा येतो, दोन कप चहा येत न्हाई.” पाहुणे हसायचे. मीही हसायचो आणि चहाची वाट बघत बसायचो.

मग ती आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं. नांदेडला खूप फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीला डॉक्टरांनी गोळ्या कमी करून दिल्या आणि म्हणाले, “त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या.” या बोलण्याचा अर्थ मला बाहेर आल्यावर कळला. तिला तो खुर्चीत बसल्या बसल्याच कळला होता, कारण गाडीत ती म्हणाली, “चला, आता पथ्याची तकलीफ संपली.”

पण खावंसं तर वाटायला पाहिजे! फोडणीचा वास आला की तिला मळमळायचं. शेजारच्या वहिनी मऊ भात आणायच्या, ती त्यांच्या समाधानासाठी जिभेला लावायची. एकाच गोष्टीची आठवण ती अधूनमधून काढायची. आमची पोरगी जर्मनीत नर्स आहे. तिच्या बाळंतपणाला ही तिकडं एक हिवाळा राहून आली होती. तिथं पोरगी कोबीचं सूप करायची, सॉसेज घालून. ही त्याला ‘कोबीचं पाणी’ म्हणायची. “बाहेर बर्फ आन् हातात गरम वाटी. लई बरं वाटायचं हो.” मी हिंगोलीला जाऊन फ्रीजरच्या दुकानातून चिकनच्या सॉसेजचं पाकीट आणून ठेवलं. पाकीट दाखवलं तर म्हणाली, “आतडीत भरलेला खिमाच त्यो. तुमाला काय नवीन हाय?” बरोबर होतं. कंदुरीत आतडी धुण्यातच माझी उमेदवारी झाली होती.

एका सकाळी ती आपली आपण उठून उशीला टेकून बसली. म्हणाली, “अहो, भूक लागल्यावानी वाटून राहिलं.”

कित्येक दिवसांत हा शब्द घरात आला नव्हता.

“काय खाशील? सांग, काय करू?”

“ते कोबीचं पाणी. वाटीभर करा. पर तुमाला जमंल का?”

“मला काहून जमणार न्हाई?” मी म्हणालो. इथंच माझी मती फिरली.

पोरीला फोन लावला. तिची रात्रपाळी होती. दबक्या आवाजात तिनं सांगितलं, “बाबा, लहान भांडं घ्या. लोण्यावर कांदा आणि सॉसेजचे काप परता, कोबी घाला, भाजी बुडेल एवढंच पाणी. मीठ, मिरपूड, बस. तिखट नको, मसाला नको.”

“बराबर,” म्हणून मी फोन ठेवला आणि माळ्यावरून मोठं पातेलं काढलं.

आता याचं कारण काय सांगू? लहान भांडी मला भातुकलीतली वाटली. ज्या माणसाचा हात देगचीत फिरलेला, त्याला वाटीभराचा अंदाज कुठून येणार? कोबीचा अख्खा गड्डा चिरला, तरी पातेल्याचा तळ झाकेना म्हणून दुसरा चिरला. पाकिटातले सगळे सॉसेज गेले. मग पाणी. कंदुरीत रस्सा कमी पडला तर नवस करणाऱ्याचं नाक कापलं जातं. म्हणून एक तांब्या ओतला की दुसरा आपोआप उचलला जातो. किती ओतले ते मला कळलंच नाही.

आतून आवाज आला, “झालं का?”

“आलंच!”

उकळी आली. पण वर तेलाची लाल तर्री येईना. आमच्यात तर्री वर आल्याशिवाय पातेल्याला डाव लावत नाहीत. तसा रस्सा वाढणं म्हणजे पाहुण्याला पाटावरून उठवणं. मी आच वाढवली. वाट पाहिली. लोण्याचे चार पिवळे डोळे तरंगत होते, ते माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं. तिखटच नाही, मसालाच नाही, तर तर्री येणार कुठून? साधी गोष्ट. पण ती मला सुचायला आजही कुणाला तरी माझ्या डोक्यात टपली मारावी लागेल. मी पाणी आटवत राहिलो.

“झालं का हो?” आवाज आता बारीक होता.

“आटून राहिलं. चांगलं करून आणतो ना, दम धर जरा!”

तिनं दम धरला. सगळा जन्म तेच केलं होतं.

शेवटी वैतागून मी वाटी भरली, फुंकर घालत खोलीत नेली. ती उशीवरून घसरून आडवी झाली होती, डोळे मिटलेले. जागं केलं. तिनं वाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“मघाशी खरंच लागली होती हो,” ती म्हणाली. “आता गेली.”

“एक चमचा घे.”

तिनं तोंड उघडलं. चमचाभर पाणी ओठांवरून आत गेलं आणि तसंच हनुवटीवर आलं. मी धोतराच्या सोग्यानं पुसलं.

“बाकीचं किती हाय?” तिनं विचारलं.

मी चमचा वाटीत फिरवत राहिलो. ती मला ओळखून होती. “पातेलंभर केलंत ना?” म्हणाली आणि हसायला लागली. हसताना पोट दुखत होतं, तरी हसत होती. “बलवा मग समद्यांला. कंदुरी हाय म्हणा.”

दुपारी गल्लीतले लोक खरंच आले. अंगणात बसून त्यांनी कोबीचं पाणी प्यायलं. कुणी हळूच घरून तिखट आणलं. तिची खाट दारात ओढली होती. “आमच्या पोरीच्या गावाला असंच पेतात,” ती बायांना सांगत होती. “पुन्हा घ्या, लाजू नका.” मी डाव घेऊन वाढत होतो. लोक नावाजत होते आणि मला मान वर करवत नव्हती.

त्यानंतर रोज उठल्या उठल्या मी विचारायचो, “वाटतंय का काही?” ती मान हलवायची. पुढं पुढं मीच तिला संकटात टाकतोय हे कळलं, तेव्हा विचारणं सोडलं. ती भूक पुन्हा आली नाही. मग तीही गेली.

पोरगी आली. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले. परत जायच्या आधी एका दुपारी ती स्वयंपाकघरात गेली. मी ओट्याशी उभा राहून बघत होतो. तिनं दूध तापवायचं भांडं घेतलं, मूठभर कोबी, थोडं पाणी. मी अंगणातले वाळलेले कपडे आत आणले, तेवढ्यात तिनं गॅस बंद केला.

“एवढ्यात झालं?” मी विचारलं.

“मग? एवढाच वेळ लागतो, बाबा.”

तिनं वाटी माझ्यासमोर ठेवली. वाफ येत होती. “खा ना,” ती म्हणाली, “गार होईल.”