बाबांनी ओळखलेली माती

आज ऑफिसातल्या मैत्रिणीने हट्ट करून मला पळसदरीजवळच्या एका फार्महाऊसवर नेलं. चाकावर मातीची भांडी करायला शिकवतात तिथे. ती जागा पूर्वी आमची होती, हे मी तिला सांगितलं नाही. भाताची खाचरं होती, सहा वर्षांपूर्वी विकली.

चाक फिरायला लागलं की गोळा आधी मधोमध बसवायचा असतो. माझा काही बसेना. चार वेळा कलंडला. पाचव्यांदा कशीबशी एक वाकडी वाटी झाली. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "पहिल्यांदाच करताय ना? मग छान आहे की!"

मी विचारलं, "माती कुठून आणता हो?"

"इथलीच. मागे स्विमिंग पूल खणला तेव्हा निघाली. मस्त चिकण माती आहे."

नंतर माझं लक्षच लागलं नाही.

दुपारी घरी आले. बाबांना चहा दिला, तर त्यांनी माझा हात धरला. मनगटावर थोडी माती वाळून राहिली होती. त्यांनी ती नखाने खरवडली, चिमटीत चोळून पाहिली.

"खालच्या खाचरात गेलतीस काय गं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"बांध हाय का अजून?"

तो बांध त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेला; आता तिथे तो स्विमिंग पूल आहे. मी म्हटलं, "हाय बाबा."

वाटी भाजून झाली की ताई फोन करणार आहेत. ती घरी आणू का? खरंच सांगा.