चिकटवलेला टप

कवळीवाल्याच्या हातात जे काही यायचं ते कुणाच्या ना कुणाच्या तोंडातून आलेलं असायचं. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागं एक लांबट खोली होती, तिथं तो कवळ्या करत बसायचा. डॉक्टर पुढं माणसाच्या जबड्याचा मसाल्यात ठसा घ्यायचा. ठसा मागं आला की हा त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करायचा. भिंतीच्या फळीवर असले पांढरे जबडे ओळीनं मांडलेले असत, सगळे दात विचकून बसलेले. नवखा माणूस दारातच थबकायचा.

"त्यांना काय भ्यायचं?" कवळीवाला म्हणायचा. "चावायला मागं माणूस लागतो."

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण ह्याचं भरलं. पोट भरल्यावर माणसाला दुसरी भूक लागते, तशी ह्याला गाड्यांची लागली. साध्या नव्हे, लष्कराच्या. रणगाडे, सुरुंग काढणाऱ्या गाड्या, पाठीवर रॉकेटं वाहणारे ट्रक, आजकाल वापरात असलेले, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचे. घरी पुढच्या खोलीत ह्याचं टेबल आणि गाड्यांची फळी होती. खोक्यातून प्लास्टिकचे तुकडे यायचे, ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. रंग झाला की तो नासवायचा. कडा उडालेल्या दाखवायच्या, नटबोल्टांखाली गंजाचे ओघळ काढायचे, चाकांना दवाखान्यातल्या प्लास्टरचा चिखल थापायचा.

"धडधाकट गाडी करायची आणि मग तिची वाट लावायची," त्याची बायको म्हणायची. "अहो, हेच करायचं होतं तर माझ्या भावाला चालवायला द्यायची."

गाडीत तो माणूस मात्र कधी बसवायचा नाही. खोक्यात शिपायांच्या बाहुल्या आल्या तर तशाच डब्यात टाकायचा.

आता हे वेड लागलं कुठून, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्याचा थोरला भाऊ लष्करात आठ चाकांची चिलखती गाडी चालवायचा. नऊ वर्षांमागं ती गाडी एका मोहिमेवर गेली ती गेलीच. गाडी सापडली नाही, आतली माणसं सापडली नाहीत. जळाली म्हणावं तर राख नाही, बुडाली म्हणावं तर आसपास पाणी नाही. दादाची बायको, म्हणजे वहिनी, तेव्हापासून ह्यांच्याच घरी होती. त्याच पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून कपडे शिवायची. यंत्र असं ठेवलं होतं की मान न वळवता रस्ता दिसावा.

दादाची एक खूण होती. जाण्याआधी दोनच महिने त्याचा पुढचा दात पडला होता. कवळीवाल्यानं त्याला नवा करून दिला, गुलाबी पट्टीवर एकच दात, शेजारच्या दाताला अडकवायला बारीक तारेचा आकडा. आपल्याच भावाचं काम, म्हणून घाई केली आणि रंग चुकला. दात जरा जास्तच पांढरा झाला.

"सशाचा दात बसवलास रे माझ्या तोंडात," दादा म्हणाला होता.

मग कवळीवाल्यानंही चेष्टेनं त्या पट्टीच्या आतल्या बाजूला, टाळूला लागते तिथं, सशाचे दोन कान कोरून दिले. पट्टी थोडी सैल होती. दादा विचारात असला की जिभेनं ती ढकलायचा. टक. पुन्हा टक. दोन महिने साऱ्या घरानं ते ऐकलं. वहिनी तर वैतागून म्हणायची, "घड्याळ गिळलंय का तुम्ही?"

यंदा वहिनीच्या बहिणीचा निरोप आला. तिचं दुसऱ्या गावी कपड्यांचं दुकान होतं, हाताखाली चांगलं शिवणारं माणूस हवं होतं. ये म्हणाली, अर्धं दुकान तुझं. वहिनीनं बरेच दिवस हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. मग एका दुपारी ती कवळीवाल्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"भाऊजी, जगातल्या साऱ्या गाड्या केल्यात. ह्यांची नाही केली."

"तिचं खोकं मिळत नाही, वहिनी."

"मिळत नाही की उघडवत नाही?"

त्यानं हातातला तुकडा पुन्हा घासायला घेतला.

"करा," ती म्हणाली. "ती गाडी एकदा ह्या फळीवर येऊन उभी राहिली, की मी समजेन ती परत आली आणि ह्यांना घेऊन आली नाही. मग मी जाईन. नुसत्या रस्त्याकडं बघून काही संपत नाही हो."

म्हणून त्यानं ती गाडी हातानं केली. प्लास्टिकचे पत्रे कापून अंग केलं. चाकं जबड्याचा ठसा घ्यायच्या मसाल्यात ओतली. दाराच्या मुठी कवळीच्या तारेच्या. एकच फोटो होता, डाव्या बाजूनं काढलेला, दादा झाकणातून अर्धा बाहेर येऊन हसतोय. उजवी बाजू त्यानं अदमासानं केली. आतल्या सीटा, पट्टे, चालकासमोरची घड्याळं, सगळं केलं, टप बसल्यावर त्यातलं काही दिसणार नव्हतं तरी.

"माणूस?" वहिनीनं विचारलं.

"माणूस मी बसवत नाही."

टप चिकटवण्याआधी त्यानं गाडी उलटी करून झटकली, आत फुंकर मारली. ह्या कामातला हा पहिला धडा. एखादा तुकडा आत सुटा राहिला तर जन्मभर खुळखुळतो आणि गाडी फोडल्याशिवाय निघत नाही. आत काही नव्हतं. त्यानं टप चिकटवला, नखाएवढं झाकणही चिकटवलं, रंग दिला, रंग नासवला आणि गाडी फळीवर ठेवली. वहिनीनं पेटी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं चहा घेत होती. फळीवरून आवाज आला. टक.

 पुन्हा आला. टक.

"रस्त्यावरून ट्रक गेला असेल," बायको म्हणाली.

रस्ता मोकळा होता. कवळीवाल्यानं उठून गाडी हातात घेतली आणि कानाशी धरून हलवली. आत सुटं काही असतं तर वाजलं असतं. काही वाजलं नाही. जोरानं हलवली, तरी नाही. खाली ठेवली. तो परत पाटावर बसतो न बसतो तोच, टक.

वहिनीच्या हातातली बशी कलली आणि चहा मांडीवर सांडला. तिला तो भाजल्याचंही कळलं नाही. यंत्राकडं नाही, रस्त्याकडं नाही, ती फळीकडं बघत होती.

दिवसभर ते चाललं. जेवताना, यंत्र चालू असताना, यंत्र थांबल्यावर. कवळीवाल्यानं गाडी कापसात ठेवून बघितली. मग उशीखाली दाबली, तर उशीतून आलं. बायको आधी हसली, मग चिडली, आणि संध्याकाळी तिनं सगळ्या खोल्यांतले दिवे लावले.

"तुमच्या टेबलावर दातांचा सडा पडलेला असतो," ती हळूच म्हणाली. "एखादा पडला असेल आत."

"पडला असता तर हलवल्यावर वाजला असता."

"मग उघडा की."

"उघडा," वहिनी म्हणाली. तिनं पेटी भरायची थांबवली होती. "हे ऐकत मी जाणार नाही आणि हे ऐकत राहणारही नाही."

त्यानं कवळी घासायच्या छोट्या यंत्राला बारीक पातं लावलं आणि टपाच्या कडेनं फिरवलं. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. टप उचलला.

चालकाच्या सीटवर दात होता. गुलाबी पट्टीवर एकच.

कवळीवाल्यानं चिमट्यानं तो उचलला आणि पालथा केला. दोन कान होते. आपल्या हातचं काम माणूस अंधारात ओळखतो. तरी त्यानं तो दिव्याखाली धरला.

दात आता पांढरा नव्हता. चहानं पिवळा, कडेला तपकिरी. चावायची धार तिरकी झिजून अर्ध्यावर आली होती. अशी झीज दोन महिन्यांत होत नाही. त्याला वर्षानुवर्षांची जेवणं लागतात. आणि तारेचा आकडा त्याचा नव्हता. त्यानं बारीक, पॉलिश केलेली तार वापरली होती. ही जाडीभरडी होती, कुणीतरी पकडीनं पिळून, जमेल तशी बसवलेली. मूळचा आकडा कधीतरी मोडला होता, आणि कुठंतरी, कुणीतरी, तो दादाला नीट करून दिला होता.

"त्यांचाच ना?" वहिनीनं विचारलं.

"हो."

तिनं हात पुढं केला. त्यानं दात तिच्या तळहातावर ठेवला. ती त्या दाताकडं बराच वेळ बघत राहिली, जशी कापडाकडं बघायची, किती धुतलंय, किती उन्हात पडलंय ते जोखत.

"भाऊजी, तुम्हाला दात वाचता येतो. हा किती वापरलाय?"

बायको दाराशी उभी होती. फळीवरच्या रणगाड्यांच्या तोफा सगळ्या एका दिशेला वळलेल्या. कवळीवाल्याला समोर उघडी पेटी दिसत होती आणि तिच्यापलीकडं ते शिवणयंत्र, रस्त्याकडं तोंड करून ठेवलेलं. खरं सांगितलं तर वहिनी पेटी रिकामी करणार. यंत्रापाशी बसणार. अजून नऊ वर्षं, त्यावर अजून नऊ.

"दोनेक महिने," तो म्हणाला.

"आणि ही तार?"

"माझीच आहे."

वहिनीनं त्याच्या हातांकडं बघितलं. आयुष्यात कधी वेडीवाकडी तार न पिळलेले हात. मग तिनं दात परत त्याच्या हातावर ठेवला आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तर तसं."

दुसऱ्या दिवशी ती गेली. शिवणयंत्र नेलं नाही. बहिणीकडं आहे म्हणाली.

कवळीवाल्यानं दात पुन्हा चालकाच्या सीटवर ठेवला, टप चिकटवला, कापल्याची खूण भरून वर रंग दिला. गाडी फळीवर ठेवली आणि तो ऐकत बसला. आवाज आला नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. त्यानं खुर्ची उचलून यंत्रापाशी नेली. तिथून फळी दिसायची, आणि मान न वळवता रस्ताही.

"अहो, ताट वाढलंय," बायकोनं आतून हाक मारली.

"थांब जरा."

बायको हात पुसत दाराशी आली. खुर्ची कुठं ठेवलीय ते तिनं बघितलं.

"आता तुम्ही लागलात का?" ती म्हणाली, आणि त्याचं ताट झाकून ठेवायला आत गेली.