परका हात

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा लगीनसराई तोंडावर आली होती. आठवडी बाजारात जमिनीवर पोतं अंथरून कापड विकण्यापासून मी सुरुवात केली आणि वडवणीत स्वतःचं दुकान उभं केलं. बस्त्याचं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्याची पायरी चढलं की माघारी येत नाही, हे मला कळत होतं. नवरा म्हणाला, "थोडे दिवस घरी थांब की."

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे थोडे दिवस म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही.

मी अंबाजोगाईहून एक बाई आणली. घरी राहून आजाऱ्यांचं करायचं रीतसर शिकलेली. मी घासाघीस केली, पण तीही कच्ची नव्हती. पगारावर जरा खाली आली आणि एका अटीवर अडून बसली. "आजीचं हागणं-मुतणं, आंघोळ, कूस बदलणं समदं करीन. पन भांडी न्हाई, सैपाक न्हाई, पाव्हण्यांचा चहा न्हाई." मला अट पटली. मीही साडी विकते, फॉल लावून देत नाही.

मी दुकानात बसू लागले. सासूबाई खुलल्या. वेणी घालताना दोघी हळूच हसायच्या. "हिच्या हातानं दुखत न्हाई," असं त्या मला म्हणाल्या. माझ्या हाताबद्दल त्या कधी काही बोलल्या नव्हत्या.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर. आणि भेटायला आलेल्याला चहा न देणं त्याहून मोठं वैर. थोरली नणंद तेलगावहून सासरची माणसं जीपमध्ये घालून आली आणि बाईला म्हणाली, "चहा टाक गं."

"ताई, आजीची कूस बदलायची हाय. चहाचं माझ्याकडं न्हाई."

नणंदेनं तिथूनच दुकानात फोन लावला. "वैनी, तुमची नर्स लई मोठी सायेब हाय. चारचौघांत माझं नाक कापलं."

माझ्यासमोर बस्ता उघडलेला होता. मी म्हणाले, "ताई, माय तुमची हाय, गॅसबी तिथंच हाय. टाका की तुमीच."

या वाक्याची वसुली संध्याकाळी झाली. मी घरी पोचले तेव्हा सगळे पलंगाभोवती बसले होते. नणंदेनं मोठ्यानं विचारलं, "माय, खरं सांग. तुला सून पायजे का ही पगारी बाई?"

मी निर्धास्त होते. सासूबाईंनी बाईकडे पाहिलं नाही. पदर डोक्यावर ओढून म्हणाल्या, "सून असताना परका हात कशाला?"

नवरा जमिनीकडे बघत बसला. बाईनं पिशवी भरली. दारात मला म्हणाली, "आजीला दोष देऊ नका. पाव्हण्यांपुढं दुसरं काय बोलतील त्या?"

मी दोष देते. अजूनही देते.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "ती पोरगी कवा यायची हाय?" मी त्यांचं लुगडं पिळत होते.

दुकानात नवरा बसला. त्याला कापडाचा पोत कळत नव्हता आणि भाव सांगताना त्याची जीभ अडखळायची. गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात चढली. ती सराई गेली. पुढच्या सराईआधी आम्ही शटर ओढलं ते कायमचंच. नणंद त्या काळात सणासुदीला यायची, आईचा हात हातात घेऊन रडायची आणि मी केलेला चहा पिऊन जायची.

सासूबाई गेल्या. तेराव्याला भावकी जमली होती. सगळ्यांसमोर नणंद म्हणाली, "आमच्या वैनीनं मायला परका हात लागू दिला न्हाई," आणि माझ्या खांद्यावर साडी ठेवली. बायकांनी डोळे पुसले. माझी बोटं सवयीनं पदराच्या कोपऱ्यावर गेली. घडी समोरच्या दुकानाची होती. पोत हलका होता.

"केवढ्याला घेतली, ताई?"

"आत्ता हे काय इचारता, वैनी?"

तिनं शेवटी आकडा सांगितला.

"लुबाडलं तुमाला," मी म्हणाले. "माझं दुकान असतं तर याच्यापेक्षा चांगली दिली असती."