नानांची बिनधुराची चूल

पुरुषमाणसांनी स्वयंपाकघरात लक्ष घातलं की आम्हा बायकांना महिनाभर बोलायला विषय पुरतो. आमच्या चोपड्याच्या गल्लीत असे किस्से ढिगाने साठलेत. त्यातलाच हा समोरच्या नानांच्या चुलीचा.

नानांच्या घरी गॅस आहे. पण चुलीवरच्या चवीचं खूळ डोक्यात शिरलं आणि ते धुळ्याहून नवी लोखंडी चूल घेऊन आले. त्यांच्या बायकोचं, अक्कांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी धुराजवळ जायला सक्त मनाई केलेली. नाना म्हणाले, "जुन्या चिमणीचा पाईप आहेच. त्याला जोडली की झालं. एवढासा जरी धूर दिसला, तर चूल भंगारात!"

*

चुलीचं तोंड मोठं, जुना पाईप बारीक. नानांचे दोस्त आबा केळीवाले शेतातून पीव्हीसीचा एल्बो, म्हणजे पाईपचा वाकडा जोड, घेऊन हजर! "केळीत इतकी वर्षं टिकला, चुलीला काय होणार?"

चुलीला काहीच झालं नाही. एल्बो मात्र वितळून दुधाच्या पातेल्यात उतरला.

*

मग आले रिटायर्ड विज्ञानाचे सर. "गरम हवा वरच जाते," हे त्यांनी चहा संपेपर्यंत समजावलं. दोनदा चहा झाला.

अक्का म्हणाल्या, "सर, वर चढून एकदा बघा तरी. पावसाळ्यात यांनी..."

"अक्का, मध्ये बोलू नका. लिंक तुटते!"

बाईच्या डोळ्यांचा प्रश्न, आणि हे शाळा भरवून बसलेले! माझं डोकंच फिरलं.

*

शेवटी नानांनी पत्र्याचा जोड करून आणला. फटी बुजवायला वॉटरप्रूफिंगची पुट्टी! "आता थेंबभर पाणी गळणार नाही," नाना छाती फुगवून म्हणाले. धुराबद्दल कोणी बोललंच नाही.

*

उद्घाटनाला भरीत पार्टी. नारळ फुटला, लाकडं पेटली. धूर ऐटीत वर गेला आणि तसाच खाली आला! सगळे खोकत अंगणात. आबा ओरडले, "बठ्ठा धूर घरमाच शे!" खरंच, सगळा धूर घरातच कोंडला होता.

मी गच्चीकडे पाहिलं. पाऊस आत येऊ नये म्हणून नानांनी चिमणीच्या तोंडाला बांधलेली प्लास्टिकची गोणी अजून तिथेच होती.

नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तरी म्हणतात, "धूर कुठाय? जराशी वाफ आहे!"

अक्का बाहेर बाजेवर बसल्या होत्या. शांतपणे उठल्या. आपला काळा चष्मा काढून त्यांनी नानांच्या डोळ्यांवर चढवला आणि मळलेल्या पिठाची परात त्यांच्या हातात दिली.

"मग जा आत. भाकरी अजून व्हायच्यात."