कॉम्प्युटर कोकलला आणि मामाला फोन गेला

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खरवईच्या आमच्या घरात कॉम्प्युटरने भोंगा लावला. बटण दाबलं की टीं टीं टीं टीं... पडदा काळाच. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल, कॉम्प्युटर घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

माझी लेक प्राची तेव्हा डिप्लोमाला होती. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट द्यायचं होतं आणि ते सगळं त्या डब्याच्या पोटात. ती रडवेली झाली आणि मी शेजारी उभा असताना म्हणाली, "मामाला फोन करा ना कुणीतरी."

झालं. माझ्या पोटात दुखायला लागलं.

मामा म्हणजे सुहास, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेठच्या दुकानात तो कॉम्प्युटर जोडायचा. आमचाही त्यानेच जोडून आणला होता, आणि तेव्हापासून घरात उठता-बसता मामा... माउस अडकला, मामा. गाणी टाकायचीत, मामा. अकरावी की डिप्लोमा, हेसुद्धा मामाला विचारून ठरलं.

मी अंबरनाथच्या कंपनीत मशीनवर केस पिकवले. माझ्या हाताखाली किती पोरं शिकून गेली... आणि माझ्याच घरात मला कुणी स्क्रूड्रायव्हर मागितला, तर तो मामाला द्यायला!

स्पष्टच सांगतो, मी जळायचो. त्याचं वाईट व्हावं असं नव्हतं. पण एकदा, फक्त एकदा लेकीने माझ्याकडे बघून "पप्पा, बघा ना" म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

सुहास आला. बायकोने लगेच कांदेपोहे टाकले (मी मागितले असते तर "आत्ताच चहा झाला ना" ऐकलं असतं). "टेन्शन नका घेऊ भावोजी, रॅमचा लोचा असेल," म्हणत त्याने कॅबिनेट उघडलं, आतली रॅमची पट्टी काढली, प्राचीच्या खोडरबरने घासली आणि परत बसवली. लेक श्वास रोखून बघत होती. बटण दाबलं... टीं टीं टीं टीं!

खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. बराच वेळ खटपट करून शेवटी त्याने हात टेकले. "मदरबोर्ड गेला वाटतं. डब्बा दुकानावर नेतो, शेठला दाखवतो. दोन-चार दिवस तरी जातील." हे ऐकून प्राचीचे डोळे भरले आणि माझ्या गुदगुल्या तिथेच थांबल्या.

तो वायरी काढायला लागला. मी कीबोर्ड उचलून कपाटाला उभा टेकवायला गेलो, तर आतून खुळखुळ आवाज... वर्तमानपत्रावर उलटा केला, दोन थापा मारल्या. लाल तांदूळ पडले. झेंडूची एक पाकळीही पडली.

आदल्या दिवशी यंत्रपूजा मीच केली होती. कंपनीत लेथवर मूठभर अक्षता उधळतो, त्याच सवयीने कॉम्प्युटरवर उधळल्या... कुंकवात भिजवलेल्या, चांगल्या ओल्या. त्यातला एक दाणा कीबोर्डच्या एका बटणाखाली जाऊन चिकटला होता आणि ते बटण दाबलेलंच राहिलं होतं. म्हणून ते बिचारं सकाळपासून केकाटत होतं.

बायकोच्या केसातल्या पिनने दाणा काढला, वायरी परत लावल्या. एकच बारीक टीं... आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली. प्राची "पप्पाऽऽ" करून गळ्यात पडली. बिघाडही माझाच होता, पण तो मुद्दा कुणी काढला नाही, मग मीही काढला नाही.

"मानलं भावोजी," सुहास म्हणाला. मी नुसतं "हं" केलं. पुढचे काही दिवस मात्र ही कथा कंपनीत, बिल्डिंगमध्ये, अगदी भाजीवाल्यालासुद्धा सांगून झाली.

मग दिवाळीनंतर प्राचीच्या अंबरनाथच्या मैत्रिणीचा कॉम्प्युटर तसाच कोकलायला लागला. प्राची तिथेच होती, तिने फोन करून मला बोलावून घेतलं. मी दारात पोचलो तेव्हा ती मैत्रिणीच्या आईला सांगत होती, "मामा कशाला? माझे पप्पा आहेत ना."

काय वाटलं म्हणून सांगू... ऐटीत आत गेलो, कीबोर्ड उलटा केला, थापा मारल्या. बिस्किटाचा चुरा पडला. बाकी काही नाही. कॉम्प्युटर आपला टींऽऽ... टींऽऽ... चालूच. सगळं घर माझ्याकडे बघतंय, प्राची तर अगदी कौतुकाने. आणि मला त्या एका इलाजापलीकडे ओ की ठो कळत नव्हतं!

कंपनीतून फोन येतोय असं सांगून जिन्यात आलो आणि मोबाइलवरून सुहासला फोन लावला.

तो हसला नाही. "बीप लांब आहेत की आखूड, भावोजी?" लांब, मी म्हटलं. "मग रॅम हलली असेल. काढा, पुसा आणि टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा." मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाला, "आणि मला विचारलंत ते प्राचीला सांगू नका हां. लय खूश आहे ती तुमच्यावर सध्या."

आत गेलो, त्याने सांगितलं तसं केलं. कॉम्प्युटर सुरू झाला. चहा आला, कौतुक झालं, घरी येईपर्यंत लेक भाव खात होती. सुहासने ही गोष्ट आजवर बाहेर काढलेली नाही... लग्नकार्यात चार लोकांत माझी टर उडवायची संधी कितीदा आली, तरी नाही. म्हणून शेवटी मीच लिहितोय.

थँक यू, सुहास. पण खरं सांगू? त्या जिन्यात फोन हातात धरून उभा होतो, तेव्हा तुझ्यावर जेवढा जळलो ना, तेवढा आधी कधीच जळलो नव्हतो.